तैलरंगातील लघु अभ्यासचित्रे

तैलरंगात, तळहाताएवढ्या ते वहीच्या पानाएवढ्या पृष्ठावर, एका किंवा फार तर दोन बैठकींत रंगविलेल्या आणि प्रदर्शनासाठी नव्हे तर निरीक्षण, सराव वा मोठ्या चित्राची पूर्वतयारी यांसाठी केलेल्या चित्रांना लघु अभ्यासचित्रे म्हणतात. ५ × ७, ६ × ८ आणि ८ × १० इंच हे त्यांचे रूढ आकार होत. केवळ लहान आकारामुळे एखादे चित्र अभ्यासचित्र ठरत नाही. लघुचित्रात तपशील बारीक कुंचल्याने कोरलेला असतो, तर अभ्यासचित्रात तो जाणूनबुजून गाळलेला असतो आणि चित्रकाराने स्वतःसमोर ठेवलेल्या एखाद्याच प्रश्नाचे उत्तर त्यात शोधलेले असते. सावलीतील भिंत आकाशापेक्षा किती गडद आहे, किंवा पिवळ्या फुलाची उन्हातील बाजू नक्की कोणत्या रंगाची दिसते, असा तो प्रश्न असू शकतो.

युरोपात सतराव्या शतकात फ्लेमिश चित्रकार रूबेन्स मोठ्या कामांची रचना आधी लहान लाकडी फळ्यांवर तैलरंगात करून आश्रयदात्याला दाखवीत असे आणि मग कार्यशाळेतील सहायकांकडून मोठे चित्र उभे करून घेत असे. ही अभ्यासचित्रे कल्पनेवर आधारलेली होती. निसर्गासमोर बसून केलेल्या अभ्यासाला शिस्त लावली ती प्येर-आंरी द व्हालांसिएन या फ्रेंच चित्रकाराने. रोममध्ये १७८० च्या सुमारास त्याने एकच छप्पर एकदा उन्हात आणि एकदा सावलीत रंगविले. ही जोडी आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. यथादर्शनावरील, म्हणजे सपाट पृष्ठावर खोली व अंतर दाखविण्याच्या शास्त्रावरील, आपल्या ग्रंथात (१८००) त्याने असा नियम घालून दिला, की निसर्गातील कोणत्याही अभ्यासाला दोन तासांहून अधिक वेळ देऊ नये आणि सूर्योदय-सूर्यास्ताचा अभ्यास अर्ध्या तासात आटोपावा, कारण त्यानंतर समोरचा प्रकाशच वेगळा झालेला असतो. इंग्लंडमध्ये निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेड येथे केलेल्या ढगांच्या अभ्यासचित्रांमागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा यांच्या नोंदी आढळतात. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड याने कथलाच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचे पेटंट घेतले. तोपर्यंत तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यावा लागे. ट्यूबमुळे बाहेर बसून रंगविणे सर्वांच्याच आवाक्यात आले. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सराने ‘ला ग्रांद जात’ (१८८४–८६) या सुमारे दोन मीटर उंच व तीन मीटर रुंद चित्रासाठी सुमारे १६ × २५ सेंटिमीटरच्या फळ्यांवर अनेक अभ्यास केले होते.

अभ्यासचित्राचा मुख्य लाभ हिशेबानेच स्पष्ट होतो. २४ × ३६ इंचांच्या कॅनव्हासचे क्षेत्रफळ ८६४ चौरस इंच भरते आणि ६ × ८ इंचांच्या फळीचे ४८, म्हणजे त्याच्या अठराव्या हिश्शाएवढे. मोठ्या कॅनव्हासवर जो अर्धा-पाऊण इंच रुंदीचा कुंचला वापरला जातो तोच लहान फळीवर वापरला, तर दहा मिनिटांत सगळा पांढरा भाग झाकला जातो. हे झाकणे वरवर दिसते त्यापेक्षा महत्त्वाचे आहे. कोणताही रंग शेजारच्या रंगाच्या संगतीत पाहिला जातो. कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर लावलेली मध्यम करडी छटा काळपट भासते आणि चित्रकार ती नकळत उजळ करतो. पुढे आजूबाजूचा भाग भरला, की तीच छटा फिकी पडते आणि सगळे गणित पुन्हा मांडावे लागते. मोठ्या चित्रात ही चूक तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात येते, लहान फळीवर ती पंधराव्या मिनिटाला कळते. आकाश, जमीन, उभी वस्तू आणि सावली यांच्या उजळ-गडदपणाचे परस्परनाते एकदा जुळले, की चित्र दुरूनही वाचता येते. ते जुळले नाही तर कितीही बारकावे भरले तरी चित्र उभे राहत नाही. डोळे किलकिले करून पाहण्याची सवय चित्रकलेचे शिक्षक लावतात ती याचसाठी, कारण त्यामुळे तपशील पुसट होतो आणि मोठे आकार तेवढे उरतात. एका मोठ्या चित्राला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात असे वीसेक अभ्यास होऊ शकतात, आणि प्रत्येकात सुरुवातीचे ते अवघड निर्णय नव्याने घ्यावे लागतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. वर्षाकाठी तीन मोठी चित्रे करणारा सुरुवात करण्याचा सराव तीनदाच करतो.

अशा अभ्यासासाठी तैलरंगच का, असा प्रश्न पुण्यात विशेषत्वाने विचारला जातो, कारण या शहरात जागेवर बसून चित्र काढणे म्हणजे जलरंग असे समीकरण रूढ आहे. मिलिंद मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांमुळे येथील जलरंगाला मोठा विद्यार्थिवर्ग लाभला आहे आणि शालेय वयात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देणाऱ्या मुलांचा संबंधही जलरंग आणि पोस्टर कलर यांच्याशीच येतो. जलरंग वेगवान आहे, सामानाला हलका आहे. परंतु तो वाळल्यावर फिका होतो, त्यात उजळाकडून गडदाकडेच जावे लागते आणि पांढरी जागा आधीच राखून ठेवावी लागते. तैलरंग ओला असताना जसा दिसतो जवळजवळ तसाच वाळल्यावर राहतो, गडदावर उजळ रंग चढविता येतो आणि चुकलेला भाग पॅलेट नाइफने खरवडून पुन्हा लावता येतो. म्हणजे जलरंगात अंदाज आधी बरोबर यावा लागतो, तर तैलरंगात तो समोरच्या दृश्याशी ताडून दुरुस्त करता येतो. छटा अचूक ओळखायला शिकण्यासाठी हे दुसरे माध्यम अधिक क्षमाशील आहे. त्याची कीर्ती मात्र नेमकी उलटी आहे. रंग तासन्‌तास ओला राहत असल्याने दोन आकारांमधील कड हवी तेथे बोटाने किंवा कोरड्या कुंचल्याने मऊ करता येते. ॲक्रिलिकमध्ये ही सोय अगदी थोडा वेळ मिळते.

पुण्यातील प्रकाश : हे शहर सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्याचा या अभ्यासाशी थेट संबंध येतो. मेच्या मध्यास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या वस्तूंच्या सावल्या पायाशी गोळा होतात आणि दृश्य सपाट दिसू लागते. म्हणून उन्हाळ्यात काम करायचे ते सकाळी सात ते नऊ या वेळात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तेव्हा दोन तासांची मर्यादा येथेही तितकीच लागू पडते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे राहत असल्याने त्या दर्शनी भिंतीवर थेट ऊन येतच नाही, आणि नवशिक्याला सावली न सरकता निवांत बसता येईल अशी ही शहरातील दुर्मीळ जागा ठरते. तटाचा खालचा भाग काळ्या पाषाणाचा आणि वरचा विटांचा आहे. सावलीतला काळा पाषाण ट्यूबमधल्या काळ्या रंगाने रंगविला तर तेथे भोक पडल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात त्यात आकाशाचा निळसर परावर्तित प्रकाश असतो आणि खाली जमिनीलगत तो तपकिरी होतो. उन्हाळ्यात मात्र सूर्य ईशान्येकडे उगवत असल्याने सकाळी याच भिंतीवर तिरपे ऊन पडते आणि दरवाजावरील टोकदार खिळ्यांच्या लांब सावल्या उमटतात. एकाच जागेचा डिसेंबरमध्ये आणि मेमध्ये अभ्यास केला, तर व्हालांसिएनच्या दोन छपरांचा धडा घराजवळच गिरविता येतो.

पावसाळ्यातील हिरवा रंग हा आणखी एक कठीण विषय. वेताळ टेकडी किंवा खडकवासल्याचा परिसर जुलै-ऑगस्टमध्ये हिरव्याच्या अनेक छटांनी भरून जातो आणि ट्यूबमधील तयार हिरवा तेथे हमखास कर्कश दिसतो. कॅडमियम यलोमध्ये थोडा आयव्हरी ब्लॅक मिसळल्यास शेवाळी हिरवा मिळतो, आणि ढगाळ हवेतील गवताला तो बहुधा पुरतो. लाल, यलो ओकर (पिवळ्या मातीचा रंग), काळा आणि पांढरा अशा चारच रंगांवर काही महिने भागविण्याची पद्धतही याच कारणाने शिकविली जाते. रंग कमी असले, की छटांचे नाते आपोआप पुढे येते. घरात बसून करण्याजोग्या अभ्यासांना मंडईतील भाज्या आणि कसब्यातील तांबट आळीची भांडी पुरेशी आहेत. तांब्याच्या घागरीवरील चमक ही पांढरी नसून तांब्याचीच रंगच्छटा घेऊन येते, तर चिनी मातीच्या बरणीवरील चमक खिडकीच्या प्रकाशाच्या रंगाची असते. दोन्ही वस्तू शेजारी मांडून ६ × ८ इंचांची फळी रंगविली, की हा भेद एका सकाळी डोळ्यांत बसतो.

पुण्याची परंपरा : तैलरंग म्हटले, की पुणेकराच्या डोळ्यांपुढे मोठे व्यक्तिचित्र येते. १९६८ मध्ये सुरू झालेल्या बालगंधर्व रंगमंदिरातील गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली बालगंधर्वांची पूर्णाकृती चित्रे हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. मोठ्या चित्रामागील अभ्यास सहसा लोकांसमोर येत नाहीत. परंतु पुण्याच्या इतिहासात त्यांचे महत्त्व ठळकपणे दाखविणारी एक घटना आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा पुणे दरबारातील रेसिडेंट (प्रतिनिधी) चार्ल्स मॅलेट याच्या सोबतीने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० नंतरची काही वर्षे पुण्यात होता. त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे तैलरंगात केली. शनिवारवाड्यात सुरू झालेल्या चित्रशाळेत गंगाराम तांबट हा त्याच्या हाताखाली शिकला. पेशवे आणि कंपनी यांच्यातील १७९० च्या तहाचा दरबार भव्य कॅनव्हासवर रंगविण्याची वेल्सची योजना होती, पण १७९५ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे टॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने इंग्लंडमध्ये, वेल्सने जागेवर केलेल्या अभ्यासांच्या आधारे, हे चित्र १८०५ मध्ये पूर्ण केले. शनिवारवाड्याच्या गणपती रंगमहालातील ती सभा डॅनियलने स्वतः पाहिलेली नव्हती. शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या, हे लक्षात घेता जागेवर केलेल्या त्या अभ्यासांचे मोल चित्रकलेपुरते उरत नाही.

आज छायाचित्र हाताशी असताना अशा नोंदीची गरज काय, असे कोणी म्हणेल. कॅमेरा एकाच वेळी उजळ आकाश आणि गडद सावली या दोहोंना सहसा पूर्ण न्याय देऊ शकत नाही. एकतर आकाश पांढरे पडते किंवा सावली काळी होते. जागेवर केलेल्या अभ्यासात डोळ्याने दोन्हीकडे स्वतंत्रपणे पाहून घेतलेली छटा असते, आणि स्टुडिओत मोठे चित्र करताना रेखाटन, छायाचित्र व अभ्यासचित्र ही तिन्ही समोर ठेवली तर रंगाच्या बाबतीत अखेरचा शब्द अभ्यासचित्राचा मानणे इष्ट ठरते.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. लहान फळीवर एका फटकाऱ्यात बसलेले झाड चारपट मोठे केले, की तो फटकारा पोकळ दिसतो, आणि तेथे पानांची रचना, फांद्यांचे वळण असे नवे प्रश्न उभे राहतात ज्यांची उत्तरे अभ्यासचित्रात नसतात. रंगाचे क्षेत्र वाढले, की त्याचा जोरही वाढतो. ही दरी कॉन्स्टेबललाही जाणवली असावी, कारण ‘द हे वेन’ (१८२१) या मोठ्या चित्रासाठी त्याने त्याच आकाराचे तैलरंगातील कच्चे चित्र आधी केले, जे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. दुसरी अडचण सवयीची आहे. बारीक कुंचला हाती घेऊन फळी ‘पूर्ण’ करण्याचा मोह झाला, की अभ्यास संपतो आणि विकाऊ लघुचित्र सुरू होते. ते करण्यात गैर काही नाही, फक्त त्याला अभ्यास म्हणू नये. घरी येऊन आठवणीने डागडुजी करणेही टाळलेले बरे, कारण त्यात पाहिलेले पुसले जाते आणि ठाऊक असलेले त्याची जागा घेते.

साहित्य साधे असते. अप्पा बळवंत चौकातील दुकानांत मिळणारे कॅनव्हास बोर्ड चालतात. एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीच्या) तुकड्यांना जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात दिले तर ते अधिक टिकाऊ व स्वस्त पडतात. कोऱ्या कागदावर वा लाकडावर तैलरंग थेट लावू नये, कारण जवसाचे तेल तंतूंत शोषले जाऊन कागद कालांतराने ठिसूळ होतो. फळीला आधी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पातळ थर देऊन ठेवल्यास पांढऱ्याचा फसवेपणा टळतो. तैलरंग बाष्पीभवनाने नव्हे, तर तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतो. अंबर हा तपकिरी रंग लवकर वाळतो, टायटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक रेंगाळतात. पुण्याच्या दमट पावसाळ्यात हा वेळ आणखी वाढतो, आणि बंद कपाटात ठेवलेल्या ओल्या फळ्यांवर बुरशी धरते. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात त्या उजेडाच्या, हवेशीर खोलीत एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून टाकल्यास वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवावी.