टेदरिंग आणि लोकल-ओन्ली हॉटस्पॉट: हॉटस्पॉट कुणाच्या मालकीचा?

वायफाय टेदरिंगचं, म्हणजे फोनचं इंटरनेट दुसऱ्या उपकरणाला देणारं, अ‍ॅप लिहायला घेतलं की अँड्रॉइडच्या वायफाय मॅनेजरमधली ‘स्टार्ट लोकल ओन्ली हॉटस्पॉट’ ही मेथड (तयार फंक्शन) हमखास सापडते. ती चालतेही. लॅपटॉप जोडला जातो, त्याला आयपी पत्ता मिळतो, फक्त इंटरनेट येत नाही. कोडमध्ये चूक शोधत बसू नका, ही मेथड त्या कामासाठी केलेलीच नाही.

टेदरिंगमध्ये फोन राउटर होतो. जोडलेल्या उपकरणांची पॅकेट्स (डेटाचे तुकडे) नॅट करून, म्हणजे त्यांवर फोनचा स्वतःचा पत्ता लावून, मोबाइल डेटाकडे पाठवण्याची सगळी व्यवस्था सिस्टिम उभी करते, आणि नाव-पासवर्ड वापरकर्त्याने सेटिंग्जमध्ये ठरवलेले असतात. लोकल-ओन्ली हॉटस्पॉट अँड्रॉइड 8 मध्ये, 2017 साली आला. दोन उपकरणांनी आपापसात फाइली द्याव्या-घ्याव्यात, एवढाच त्याचा उद्देश. तो पत्ते वाटतो, पण पॅकेट्स पुढे पाठवत नाही. नाव-पासवर्ड सिस्टिम स्वतः तयार करते आणि तो सुरू झाल्यावरच अ‍ॅपला कळवते. म्हणून ते क्यूआर कोडमधून दाखवलेले बरे. इतका लांब पासवर्ड हाताने टाइप करायला लावू नये.

मग थेट टेदरिंगच का सुरू करू नये? अँड्रॉइड 7.1 पर्यंत रिफ्लेक्शनने (नावावरून मेथड शोधून चालवण्याच्या युक्तीने) लपवलेली मेथड बोलावून ते जमायचं. अँड्रॉइड 8 मध्ये ती वाट बंद झाली आणि 9 पासून लपवलेल्या मेथड्सवरच निर्बंध आले. ‘टेदर प्रिव्हिलेज्ड’ ही परवानगी फक्त सिस्टिम अ‍ॅपना मिळते. जुना कोड ठेवायचाच असेल तर एपीआय 26 च्या (म्हणजे अँड्रॉइड 8 च्या) खालच्या फोनपुरता, अटीत बांधून ठेवा. बाकीच्यांना सेटिंग्जचा पडदा उघडून देणं हाच सरळ मार्ग.

दुसरा मार्ग म्हणजे लोकल-ओन्ली हॉटस्पॉट सुरू करून अ‍ॅपमध्येच प्रॉक्सी सर्व्हर (इतरांच्या वतीने इंटरनेटवरून माहिती आणून देणारा मध्यस्थ) चालवणं. हे चालतं, पण जोडलेल्या प्रत्येक उपकरणात प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट भरावा लागतो, आणि प्रॉक्सी न मानणारी अ‍ॅप्स बंदच राहतात. साध्या एचटीटीपी प्रॉक्सीतून यूडीपी (डेटा पाठवण्याची एक पद्धत) जात नाही, त्यामुळे बरेच गेम अडतात. हे वापरकर्त्याला आधीच सांगा. फोनचा पत्ता 192.168.43.1 असा कोडमध्ये पक्का लिहू नका, तो बदलतो. हॉटस्पॉटच्या आधीची आणि नंतरची नेटवर्क इंटरफेसची (फोनच्या नेटवर्क जोडण्यांची) यादी ताडून नवा पत्ता काढा आणि सर्व्हर फक्त त्याच पत्त्यावर बांधा. सगळ्या इंटरफेसवर उघडा ठेवलात, तर हॉटस्पॉटबाहेरचेही त्यातून आत येऊ शकतात.

परवानग्यांत सर्वाधिक घोळ होतो. अँड्रॉइड 12 पर्यंतच्या फोनवर अचूक लोकेशनची परवानगी लागते आणि फोनचं लोकेशनही चालू असावं लागतं. टार्गेट एपीआय (अ‍ॅप ज्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी बनवलं तिचा क्रमांक) 33 किंवा वर नेला की अँड्रॉइड 13 पासून तिच्या जागी ‘निअरबाय वायफाय डिव्हायसेस’ लागते. मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या परवानग्या जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) दोन्ही ठेवा, लोकेशनच्या ओळीला कमाल एसडीके 32 लावून (अँड्रॉइड 13 पासून ती मागितली जाऊ नये म्हणून). परवानगी नसेल तर सिक्युरिटी एक्सेप्शन येतं. एरर कोड 3 आला तर टेदरिंग आधीच चालू आहे का, आणि अ‍ॅप पडद्यावर समोर होतं का, हे पाहा. कोड 4 म्हणजे त्या फोनवर टेदरिंगला बंदी आहे.

खरा फरक अ‍ॅपच्या अपडेटच्या वेळी दिसतो. टेदरिंग सिस्टिमच्या मालकीचं, तुमचं अ‍ॅप बदललं तरी ते चालूच राहतं. लोकल-ओन्ली हॉटस्पॉट तुमच्या प्रोसेसने (चालू असलेल्या अ‍ॅपने) धरलेल्या रिझर्व्हेशनवर, म्हणजे सुरू करताना सिस्टिमकडून मिळालेल्या ताब्यावर, टिकतो. अपडेट बसताना प्रोसेस मारली जाते, रिझर्व्हेशन सुटतं, आणि दुसरं कुठलं अ‍ॅप तो धरून नसेल तर हॉटस्पॉट बंद पडतो. ‘माय पॅकेज रिप्लेस्ड’ ब्रॉडकास्ट (अपडेट झाल्याची सिस्टिमची सूचना) मिळाल्यावर तो मागच्या मागे पुन्हा सुरू करायला जाल तर अ‍ॅप समोर नसल्याने तोच कोड 3. त्याऐवजी नोटिफिकेशन दाखवा आणि वापरकर्त्याने टॅप केल्यावर सुरू करा. नाव-पासवर्ड नवे असतील, म्हणून क्यूआरही नवा काढा. टार्गेट एपीआय 34 केल्यावर फोरग्राउंड सर्व्हिसचा (नोटिफिकेशन दाखवत मागे चालू राहणाऱ्या कामाचा) प्रकार जाहीर करणं सक्तीचं आहे. इथे ‘कनेक्टेड डिव्हाइस’ बसतो आणि त्याची वेगळी परवानगी मॅनिफेस्टमध्ये लिहावी लागते. ती ओळ राहिली, तर जुन्या आवृत्तीत नीट चालणारी सर्व्हिस अपडेटनंतर सुरू होतानाच क्रॅश होते.