पुठ्ठ्याच्या लगद्याचे साचेकाम

टाकाऊ खोक्यांचा पुठ्ठा भिजवून केलेला लगदा थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या साच्यात दाबायचा आणि वाळवून लहान वस्तू घडवायच्या, असे हे तंत्र. रोपांच्या कुंड्या, डब्या, मुखवटे, नाजूक मालाच्या पॅकिंगचे कप्पे यासाठी ते उपयोगी पडते.

लगदा मराठवाड्याला नवा नाही. रद्दी भिजवून, मेथ्या घालून कुटायची, पालथ्या घागरीवर थापायची आणि वाळली की टोपली म्हणून वापरायची, ही घरोघरच्या बायकांची जुनी रीत. मेथीचा चिकटपणा लगदा बांधतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तर हातकागदाची परंपरा मुहंमद तुघलकाच्या काळापासूनची सांगतात. त्याने 1327 मध्ये राजधानी देवगिरीला हलवली होती. कारखान्यात लगदा साच्यात घालायला सुरुवात झाली ती बरीच अलीकडे: अमेरिकेत मार्टिन कीज यांनी त्यासाठी 1903 मध्ये कंपनी काढली. अंड्यांचे ट्रे याच पद्धतीचे. त्यांचे धातूचे साचे महाग असतात. प्लास्टिकचा धागा वितळवून थर रचणाऱ्या छपाईचे मूळ पेटंट 2009 मध्ये संपले, प्रिंटर स्वस्त झाले आणि साचा घरी करणे आवाक्यात आले.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या औद्योगिक वसाहतींतून खोकी सतत रद्दीत निघतात. चिकटपट्टी आणि पिना काढून, तुकडे करून रात्रभर भिजवायचे आणि भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढायचे. पुठ्ठ्याचे थर मुळात स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात, त्यामुळे वेगळा डिंक बहुधा लागत नाही. तंतू वाळताना एकमेकांना आपोआप धरतात. उन्हाळ्यात मात्र ही खळच आंबते आणि ओला लगदा दोन-तीन दिवसांत वास मारू लागतो. लागेल तेवढाच भिजवावा.

खरे कौशल्य साच्यात आहे. त्याचे काम आकार देण्याइतकेच पाणी बाहेर जाऊ देण्याचे असते. म्हणून साच्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही भागांना बारीक छिद्रे ठेवतात, आतून नायलॉनची जाळी लावतात आणि भिंतींना थोडा उतार देतात. भिंत सरळ उभी असली की वस्तू निघताना काठ फाटतो. लगदा भरून सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) हळूहळू आवळायचा. घाईत आवळला तर पाण्याऐवजी लगदाच फटीतून बाहेर येतो. साच्यावर छपाईच्या थरांच्या रेषा असतील तर त्या वस्तूवरही उमटतात, म्हणून आतली बाजू पॉलिश कागदाने घासून घ्यावी. वाळताना वस्तू आटते. झाकण डबीवर बसायला हवे असेल तर साचे त्या हिशेबाने थोडे मोठे करावे लागतात.

मराठवाड्यातले कोरडे ऊन वाळवणीला उत्तम, पण साच्याला घातक. साचा बहुधा ज्याचा छापतात ते पीएलए प्लास्टिक सुमारे 60 अंश सेल्सिअसला मऊ पडते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवलेला साचा वाकू शकतो. वस्तू काढून ती उन्हात ठेवावी, साचा सावलीत. पावसाळ्यात उलट अडचण: वाळायला वेळ लागला की बुरशी धरते.

टंचाईच्या प्रदेशात हे तंत्र पाण्याचा विचार केल्याशिवाय करू नये. पिळून निघालेले पाणी गाळून पुढच्या घाण्याला वापरता येते. त्यातले बारीक तंतूही मग वाया जात नाहीत. छापील, मेण किंवा प्लास्टिकचा थर असलेला पुठ्ठा टाळावा आणि रद्दीच्या लगद्याची भांडी खाण्यासाठी वापरू नयेत. रोपासाठी केलेली कुंडी रोपासकट जमिनीत लावता येते. मोडलेली वस्तू, तिला तैलरंग किंवा वॉर्निश दिले नसेल तर, पुन्हा भिजवून लगद्यात घालता येते, मात्र दर फेरीत तंतू आखूड होतात आणि वस्तू ठिसूळ होत जाते.