'ॲडमिन जबाबदार राहील' ही ओळ आली कुठून?

७ ते १० मे २०२५ या चार दिवसांत मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर युद्धावरून जेवढी भांडणं झाली, त्याहून जास्त "हे कुणी टाकलं?" यावरून झाली. पहलगाम, ऑपरेशन सिंदूर, ड्रोन हा क्रम सगळ्यांना पाठ आहे, तो परत सांगत नाही. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख करून टाकलं. बंदर जागेवरच होतं. लढाई म्हणून फिरलेल्या काही चित्रफिती व्हिडिओ गेममधल्या निघाल्या. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, हा निरोप खोटा असल्याचं सरकारला जाहीर करावं लागलं. बघता बघता अनेक ग्रुपांना कुलूप लागलं: फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "उद्या काही झालं तर ॲडमिन जबाबदार राहतो, बाबा."

तसं पाहिलं तर लढाईला म्हणायचं काय, हा वाद आपल्याकडे मोबाइलच्या कितीतरी आधीचा. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गावरून निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या, तरी नाव पडलं 'पोलीस ॲक्शन'. जुनी माणसं वय सांगताना अजून 'ॲक्शनच्या साली' म्हणतात. उर्दू बोलणाऱ्या घरांत तेच 'सुकूत-ए-हैदराबाद', म्हणजे हैदराबादचं पतन, सरकारी कॅलेंडरवर मुक्तिसंग्राम दिन. नंतर दिल्लीहून आलेल्या एका समितीने ॲक्शनवेळी आणि त्यानंतरच्या हिंसेत मेलेल्यांचा, मुख्यतः मुसलमानांचा, अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि तो अहवाल कित्येक दशकं दडूनच राहिला. दर १७ सप्टेंबरला रझाकारांचे अत्याचार एका ग्रुपवर फिरतात आणि हे आकडे दुसऱ्या ग्रुपवर. दोन्ही एकाच ग्रुपवर मी तरी क्वचितच पाहिले.

ॲडमिनची भीती मात्र बळावली ती २०१८ मध्ये. त्या जूनमध्ये वैजापूर तालुक्यातल्या चांदगावात चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी समजून, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपवर 'फॉरवर्डेड'चा शिक्का दिसू लागला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा आली. ग्रुपला कुलूप घालायची सोय जूनअखेरीस आलेलीच होती. शिक्क्याने निरोप उसना आहे एवढं कळतं. कुणाकडून उसना, ते कळत नाही. पारावर कुणी काही सांगितलं तर पहिला प्रश्न असायचा, "तुला कोण म्हणलं?" त्या प्रश्नाला उत्तर देणारं माणूसच या शिक्क्याआड गेलं, आणि मग जबाबदार धरायला जो दिसत होता, त्याला धरलं गेलं. तो म्हणजे ॲडमिन.

इथे एक गोंधळ आहे, तो नीट सोडवायला हवा. निवडणूक, मिरवणूक, आंदोलन जवळ आलं की ठाण्यातून ॲडमिन मंडळींना 'एकशे एकोणपन्नासची नोटीस' जायची. आता १४९ ही कलमं दोन होती. दंड विधानातलं १४९ बेकायदा जमावातल्या प्रत्येकाला जमावाने केलेल्या गुन्ह्यात दोषी धरणारं. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १४९ अगदी वेगळं: दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी हस्तक्षेप करावा, एवढंच सांगणारं. नोटीस दुसऱ्या कलमाची असायची आणि धसका पहिल्याचा बसायचा. एकाने गोटा मारला तर सगळा जमाव आत, तसं एकाने पोस्ट टाकली तर सगळा ग्रुप आत आणि सगळ्यात पुढे ॲडमिन, असा हिशेब लोकांनी मांडला. खरं तर नोटीस म्हणजे आरोप नव्हे, ताकीद. पण घरी पोलीस कागद घेऊन आल्यावर हा फरक कोण वाचत बसतो? १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, नोटिशीचं कलम १६८ झालं आणि जमावाचं १९०. आकड्यांतला घोळ मिटला, धसका मिटला नाही.

याआधीच, १ मार्च २०२१ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला होता. ॲडमिनच्या हाती माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं. सदस्य काय लिहिणार हे त्याला आधी ठाऊक नसतं. दोघांनी मिळून ठरवलेलं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी दुसऱ्याच्या पोस्टसाठी त्याला गुन्हेगार धरता येत नाही. या निकालाचा दाखला युद्धाच्या अफवांसाठी सर्रास दिला जातो, पण खटला अफवेचा नव्हताच. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली गेली आणि ॲडमिनने त्या इसमाला ना काढलं, ना माफी मागायला लावली, अशी तक्रार होती. ॲडमिन सुटला हे योग्यच. मात्र त्या बाईबद्दल ज्या ग्रुपवर असं बोललं गेलं, तिथे तिच्या बाजूने कुणी उभं राहायला हवं होतं की नाही, हे या निकालाचे दाखले देणारे विचारत नाहीत. आणि निकालानंतरही ग्रुपच्या माहितीत 'ॲडमिन जबाबदार राहील' ही ओळ राहिलीच.

कुलूप नसतानाचं एक उदाहरण सांगतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा लातूर, नांदेडकडची डॉक्टरकी शिकणारी पोरं तिथे होती. तळघरातून ती घरी बोलत, आणि बातमी ग्रुपवर यायची ती "आमच्या पोरानं आत्ताच सांगितलं" अशी, नावानिशी. त्याच दिवसांत भारतीय विद्यार्थ्यांसाठी सहा तास युद्ध थांबवलं गेल्याचा दावा फिरला. ३ मार्चला परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याने तो फेटाळला. दोन वर्षांनी तोच दावा लोकसभा प्रचाराच्या जाहिरातीत पुन्हा दिसला आणि त्याची टर उडाली ती वेगळीच. पोरांनी सांगितलेलं मात्र कुणाला फेटाळावं लागलं नाही.

मधल्या काळात खरं-खोटं सरकारनेच ठरवायचा प्रयत्नही झाला. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत झालेल्या दुरुस्तीत केंद्र सरकारबद्दलचा मजकूर तपासणाऱ्या पथकाची तरतूद आली. २० मार्च २०२४ ला पथकाची अधिसूचना निघाली, दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि त्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तरतूदच रद्द केली.

१० मे २०२५ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या अध्यक्षांनी लढाई थांबल्याचं समाजमाध्यमावर आधी जाहीर केलं, दिल्लीने नंतर. मग शस्त्रसंधी, युद्धविराम, की सरकार म्हणतं तशी नुसती 'सहमती', असा शब्दांचा वाद पेटला. पण कुलपं निघाली नव्हती, म्हणून भांडण स्टेटसवर गेलं. तिथे 'शस्त्रसंधी कुणी केली?' असं एकाने लावायचं, दुसऱ्याने त्याचं नाव न घेता उत्तर लावायचं आणि गावाने दोन्ही बघायची. स्टेटसला ॲडमिन नसतो. तिथली नोटीस थेट मोबाइलवाल्याच्या नावाने निघते.