शेवटच्या अंतऱ्यातला वामन

दर वर्षी १५ ऑगस्टला आमच्याकडे दोन कार्यक्रम असतात. सकाळी झेंडावंदन आणि संध्याकाळी आंबेडकरी चळवळीचे कवी-गायक वामनदादा कर्डकांची जयंती. सतरंजी, पेटी, ढोलकी, समोर हार घातलेला फोटो. भाषण एखादंच, तेही आवरतं. मग गाणी सुरू होतात ती मध्यरात्र उलटली तरी थांबत नाहीत. १५ मेच्या स्मृतिदिनालाही हेच. पहिल्यांदा आलेला माणूस चक्रावतो. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून झाल्यावर लगेच ढोलकीवर थाप कशी पडते? श्रद्धांजली आणि टाळ्यांचा ठेका एकत्र कसे? याचं उत्तर दादांच्या आयुष्यात आहे आणि त्यांच्या आधीच्या इतिहासातही आहे.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला. तो विचार खेड्यापाड्यांत न्यायचा तर छापील कागद फार दूर जाणार नव्हता, कारण ज्यांच्यासाठी ते सगळं चाललं होतं त्यांनाच अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओळखीचा होता तो तमाशा. गण, गौळण, बतावणी, लावणी, वग हा क्रम गावागावांत लोकांच्या अंगवळणी पडलेला. सत्यशोधकांनी तो साचा उचलला, आतला मजकूर बदलला आणि त्याला जलसा म्हटलं. सोंगाड्या तोच राहिला, फक्त आता तो भटभिक्षुकीला आणि सावकाराला उलटे प्रश्न विचारू लागला.

पुढे १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९३० पासूनचा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह या काळात आंबेडकरी जलसे उभे राहिले. तमाशाची कला मुळात महार-मांगांच्या घरातलीच होती, त्यामुळे ढोलकी, तुणतुणं, झांज आणि गळा शोधायला बाहेर जावं लागलं नाही. पण बाईला नाचवून पैसा मिळवण्याला बाबासाहेबांचा सक्त विरोध होता. तमाशातले नामवंत शाहीर पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली तमाशाची कमाई त्यांनी नाकारली, ही आठवण आजही सांगितली जाते. म्हणून जलशात नाची नव्हती, शृंगार नव्हता. मेलेलं ढोर ओढू नका, मुलांना शाळेत घाला, वतनाची कामं सोडा, हे विषय. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे या जलशांतलं मोठं नाव. (नव्या माणसाची इथं गल्लत होते. भीमराव आणि वामनदादा, आडनाव एक, जिल्हा एक, पण माणसं वेगळी आणि पिढ्याही वेगळ्या.) आपल्या दहा सभा आणि जलसाकारांचा एक जलसा यांचं मोल बाबासाहेबांनी सारखंच धरलं, असं जलसाकारांच्या घराघरांत अभिमानाने सांगतात. ज्या समाजाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्याचं वर्तमानपत्र जलसा होता.

वामनदादा या वाटेवर आले ते थोडे उशिरा. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. कोरडवाहू मुलूख, घरी दारिद्र्य. शाळा वाट्याला आलीच नाही. पोटासाठी मुंबईला आले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, मिळेल ते काम केलं. समता सैनिक दल या बाबासाहेबांच्या स्वयंसेवक दलात लाठीकाठी करायचे. चाळीतल्या कुणीतरी एकदा त्यांच्या हातात पत्र दिलं आणि म्हटलं, एवढं वाचून दाखव. अंगापिंडानं धड दिसणाऱ्या तरुणाला वाचता येत असणार असं त्या माणसानं धरून चाललेलं. दादांना एक अक्षर येत नव्हतं. ती शरम त्यांच्या जिव्हारी लागली. त्यानंतर ते बाराखडी शिकले आणि जोडाक्षरं पक्की केली ती मुंबईच्या रस्त्यांवरच्या दुकानांच्या पाट्या वाचून.

दादांच्या चरित्रात मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो तो इथंच. विशीपर्यंत ज्याचं सगळं शहाणपण कानातून आत गेलं, तो माणूस लिहायला लागल्यावरही कानासाठीच लिहीत राहिला. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं, एका चालू हिंदी गाण्याच्या चालीवरचं विडंबन. लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि गिरणगावातल्या त्या तरुणाला कळलं की आपल्याला हे जमतं. त्यानंतर साठ वर्षं तो थांबला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा धम्मदीक्षेचा दिवस आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ६ डिसेंबर, बाबासाहेब गेले तो दिवस. या दोन तारखांनी गाणंही बदललं. जुने देव सोडले म्हटल्यावर गण कुणाचा गायचा आणि गौळण कशाला, हा प्रश्न होताच. तमाशाचा साचा मागे पडला. मुंबईच्या चाळींत शेजारीच कव्वाली ऐकू यायची. तिची बैठक, टाळ्या, मुखडा पुन्हा पुन्हा घोळवत नेण्याची रीत भीमगीतांनी, म्हणजे बाबासाहेबांवरच्या गाण्यांनी, घेतली. पेटी, तबला, ढोलक आणि बेंजो, म्हणजे बटणं दाबून वाजवायचा तो बुलबुलतरंग, एवढ्यावर गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. दोन पार्ट्यांचा सामना लागला की एकानं प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यात उत्तर द्यायचं आणि उजाडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही.

या पार्ट्यांना रोज नवं गाणं लागायचं आणि ते द्यायला वामनदादा होते. गावोगाव फिरायचे, कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम, तिथंच गाणं व्हायचं. कुणी मागितलं की लिहून द्यायचे. हजारोंच्या घरात त्यांनी गाणी लिहिली. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनचे' हे संग्रह निघाले, पण पुस्तकात आलं त्यापेक्षा गळ्यांत राहिलेलं जास्त. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप अशा थोर गळ्यांनी भीमगीत घरोघर नेलं. दादांना नुसतं 'लोककवी' म्हणून मोकळं होणं मला त्यासाठीच पटत नाही. त्या शब्दात कवी दिसतो, पण त्याच्या मागे बसलेला कोरस, घाम पुसत बेंजो वाजवणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जाणारा ढोलकवाला दिसत नाही. ही माणसं नसती तर दादांची गाणी कागदावरच राहिली असती.

गाण्याची बांधणीही बघण्यासारखी. बाबासाहेबांच्या मताचे खरोखर पाच जण जरी असते तर काय झालं असतं, असं स्वतःच्याच समाजाला विचारणारी त्यांची रचना घ्या. 'लोक'ला 'टोक'चं यमक आणि पुढे प्रत्येक वेळी 'असते'. ही सरळसरळ गझलेची बांधणी आहे, काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे त्यापुढं तसाच येणारा शब्द, दोन्ही जागच्या जागी. बाबासाहेबांना वंदन करताना अनुयायांच्या दुफळीवर बोट ठेवणारं हे गाणं आहे, आणि ते समोरच्या अनुयायांनीच डोक्यावर घेतलं. दुसरीकडे धनाच्या साठ्यात आमचा वाटा कुठं आहे असं टाटा, बिर्ला, बाटा ही नावं घेऊन विचारणारं गाणं, तेही अस्सल गावरान बोलीत. एका हातात उर्दूची नजाकत आणि दुसऱ्या हातात सिन्नरची माती, असं फार थोड्यांना जमलं.

१९९३ साली वर्ध्याला झालेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना दिलं गेलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला हा मान त्याच्या माणसांनी दिला, याचं मोल आमच्या लेखी कुठल्याही पुरस्काराहून मोठं आहे. १५ मे २००४ रोजी दादा गेले. त्याच वर्षी जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये विठ्ठल उमपांना नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या मंचावरच मरण आलं.

माझे मामा एका गायन पार्टीत गायचे. त्यांची वही माझ्याकडे आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, दोन-रेघी, कडा तेलकट झालेल्या. प्रत्येक गाण्याच्या वर डाव्या कोपऱ्यात 'चाल' लिहून पुढे एखाद्या जुन्या गाण्याचा मुखडा, म्हणजे पेटीवाल्याला सूर सापडावा. कवीचं नाव कुठंच नाही. लहानपणी मी विचारलं होतं, मामा, हे कुणी लिहिलंय ते तुम्ही का टाकत नाही? मामांनी पान माझ्यापुढं सरकवलं आणि शेवटच्या अंतऱ्यावर बोट ठेवलं. तिथं ओळीतच 'वामन' होता. तुकोबांनी 'तुका म्हणे' घालावं, शाहिरानं कवनाच्या शेवटी आपलं नाव गुंफावं, तसंच.

पुढं कळलं की या खुणेनं किती मोठं काम केलंय. कॅसेटचा जमाना आला तेव्हा दादांचं गाणं 'पारंपरिक' म्हणून छापलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर मिळणाऱ्या पातळ कागदाच्या गाण्यांच्या पुस्तिकांत एकाची रचना दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते. कव्हरवरून नाव गेलं तरी गाण्यातून ते काढता येत नव्हतं. ते यमकात बसवलेलं, काढलं की ओळ मोडायची.

आता धोका दुसरीकडून आहे. मोबाइलवर गाणं फिरतं ते मुखडा आणि एक अंतरा एवढंच. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर तर मुखड्याच्या पुढं कुणी जातच नाही. शेवटचा अंतरा गळतो आणि त्याच्याबरोबर दादाही. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या मुलानं आमच्या कार्यक्रमात फार सुरेख गायलं. मी कौतुकानं विचारलं, कुणाचं गाणं? तो म्हणाला, जुनं आहे, भीमगीत आहे. त्याचा दोष नाही. त्याच्यापर्यंत गाणं अर्धंच पोहोचलं होतं.

मामांची वही मी त्या रात्री त्याला दाखवली. त्यानं उरलेले तीन अंतरे उभ्या उभ्या हातावर उतरवून घेतले, कारण कागद जवळ नव्हता आणि मोबाइलची बॅटरी संपली होती. गेल्या १५ ऑगस्टला त्याला शेवटची बारी दिली. रात्रीचे साडेबारा वाजले होते, मंडपवाला खुर्च्या आवरायला लागला होता. पोरानं शेवटचा अंतरा घेतला आणि नावाची जागा आली तशी ढोलकी थांबवली. सतरंजीवर बसलेल्या बायाबापड्यांनी ते नाव त्याच्या आधी घेतलं.