चापका: पोलंडमधली साधी टोपी, परदेशातले समारंभी शिरस्त्राण

पोलिश भाषेत ‘चापका’ म्हणजे टोपी, मग ती हिवाळ्यात कानांवर ओढायची लोकरीची असो किंवा पोलिसाच्या गणवेशातली. मात्र हाच शब्द इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन लष्करी इतिहासात भेटतो तेव्हा त्याचा अर्थ भलताच नेमका झालेला असतो: भालाईत घोडदळाचे, माथ्यावर चौकोनी फळी असलेले आणि संचलनाच्या वेळी पिसांचा तुरा मिरवणारे शिरस्त्राण.

शब्दाचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘काप्पा’ या शब्दात, म्हणजे डोके झाकणाऱ्या झग्यात, असल्याचे सहसा मानले जाते. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे तो पोलिशमध्ये आला आणि ‘का’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘चापा’ची ‘चापका’ झाली. त्याच लॅटिन शब्दाच्या दुसऱ्या फांदीवर पोर्तुगीज ‘शापेउ’ आहे, आणि गोव्याच्या कोंकणीतले ‘चेपें’ त्यातूनच आले आहे.

चौकोनी माथ्याची टोपी पोलंडमध्ये अठराव्या शतकात लोकप्रिय झाली. १७६८ साली रशियन वर्चस्वाविरुद्ध उभ्या राहिलेल्या बार येथील संघाच्या, म्हणजे ‘कोन्फेदेरात्स्या’च्या, नावावरून तिला ‘कोन्फेदेरात्का’ म्हणू लागले. पुढे उलान, म्हणजे हलक्या घोडदळाचे भालाईत, यांनी तिचा माथा उंच आणि ताठ केला. १८०७ मध्ये नेपोलियनने आपल्या शाही रक्षकदलात पोलिश घोडदळाची तुकडी सामील करून घेतली. तिच्या किरमिजी शिरस्त्राणावर पुढच्या बाजूस सूर्यकिरणांसारखा पितळी पत्रा असे. हा रुबाब शत्रूंच्याही डोळ्यांत भरला असावा, कारण वॉटर्लूच्या दुसऱ्याच वर्षी, १८१६ मध्ये, ब्रिटनने स्वतःच्या भालाईत पलटणी उभारल्या आणि त्यांना तशाच चौकोनी टोप्या दिल्या. जर्मन उलान तर १९१४ साली कातडी ‘चापका’ घालूनच युद्धावर गेले.

इंग्रजी, फ्रेंच, जर्मन या भाषांकडे टोपीसाठी आपापले शब्द होतेच. साध्या टोपीला परका शब्द उसना घेण्याची कुणालाच गरज नव्हती. रिकामी होती ती फक्त या एका नव्या वस्तूची जागा, आणि शब्द तेवढ्याच जागेत बसला. उसनवारीत होणाऱ्या अर्थसंकोचाचे याहून स्वच्छ उदाहरण मला तरी सुचत नाही.

खुद्द पोलिश लोक मात्र चौकोनी टोपीला ‘रोगाटिफ्का’ म्हणतात. ‘रुग’ म्हणजे शिंग, आणि कोपराही. सैन्यातली रोगाटिफ्का आज वॉर्सातील अज्ञात सैनिकाच्या स्मारकावरील पहाऱ्यात दिसते. क्राकूव भागातल्या शेतकऱ्यांची लाल, मोरपीस खोवलेली ‘क्राकुस्का’ तिचीच बहीण. ४ एप्रिल १७९४ रोजी रात्सवावित्सेच्या लढाईत बार्तोश ग्वोवात्स्की या शेतकऱ्याने रशियन तोफेची पेटती वात आपल्या टोपीने विझवली, अशी आख्यायिका पोलंडमध्ये आवर्जून सांगितली जाते.

परदेशात शब्द असा आक्रसला, तरी मायदेशी त्याचा विस्तार चालूच राहिला. ‘चापकोवाच’ म्हणजे टोपी काढून काढून लाचारी करणे. परीकथांत अदृश्य करणारी चापका असते. ध्रुवावरच्या बर्फाच्या थराला ‘चापा’ म्हणतात, आणि बोलीभाषेत ‘चापा’ मिळणे म्हणजे फाशीची शिक्षा होणे. आपण ‘चोराच्या मनात चांदणे’ म्हणतो तिथे पोलिश माणूस म्हणतो, चोराच्या डोक्यावरची चापका पेटलेली असते.