कोटेशनमधली तिसरी ओळ : मिडलवेअर आणि डेटाबेस सर्व्हर
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या कोटेशनमध्ये तिसऱ्या ओळीत ‘मिडलवेअर व डेटाबेस सर्व्हर – उभारणी आणि देखभाल’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक मालक कागद उलगडतात, नेमकं तिथंच बोट ठेवतात आणि विचारतात, “हे काय आणि? सॉफ्टवेअरचे पैसे तर वर धरलेत की.” प्रश्न रास्त आहे. जे स्क्रीनवर दिसतं त्याचे पैसे द्यायला कुणाची ना नसते. हे मात्र कुठंच दिसत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पट्ट्यातल्या फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये आम्ही जे बसवतो, त्याच्यावरूनच इथं सांगतो.

एक गाडी, चार प्रोग्रॅम

दुपारी साडेतीनला कास्टिंग भरलेली गाडी वजनकाट्यावर येते. काट्याचा प्रोग्रॅम काटा बसवणाऱ्यानं दिलेला. डिस्पॅचचं चलन निघतं दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून. हिशेब टॅलीत. ई-इनव्हॉइस सरकारी पोर्टलवर. या चौघांना एकमेकांची भाषा येत नाही, म्हणून त्यांच्यामध्ये एक माणूस पळत असतो. काट्याची चिठ्ठी घेऊन तो ऑफिसात येतो, तिथं आकडा टाइप होतो, संध्याकाळी तोच आकडा पुन्हा टॅलीत टाइप होतो. कधीतरी ९,२४० किलोचे ९,४२० होतात. दिवसातून साठ वेळा तेच काम करणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

काही ठिकाणी या माणसाच्या जागी एक्सेलची फाइल फिरते. तिचाही भरवसा धरू नका. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या आरोग्य खात्यात कोविडचे १५,८४१ रुग्ण वेळेवर यादीतच आले नाहीत, कारण माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीतून पुढं सरकत होती आणि त्या फाइलीत ६५,५३६ च्या पुढं ओळच मावत नाही. फाइलीनं तक्रारही केली नाही. जेवढं मावलं तेवढं घेतलं.

मिडलवेअर म्हणजे या चौघांच्या मध्ये बसणारा प्रोग्रॅम. काट्याकडून आकडा घेतो, चलनाला हवा तसा करून देतो, टॅलीला एक्सएमएलच्या (टॅलीला वाचता येणाऱ्या साच्याच्या) रूपात पाठवतो आणि पोर्टलला त्याच्या साच्यात. हे दुभाष्याचं काम खरं सांगायचं तर अवघड नाही. हुशार पोरगं आठ-पंधरा दिवसांत लिहून देईल. आमचा वेळ आणि तुमचा पैसा जातो तो दुसऱ्या कामात, म्हणजे निरोप सांभाळण्यात.

पोचपावती येईपर्यंत

रजिस्टर पत्राला जोडलेली गुलाबी-पिवळी पोचपावती जुन्या लोकांना आठवत असेल. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, पण आमचं सगळं काम त्या पोचपावतीवरच चालतं. काट्यावरून निरोप आला की मिडलवेअर तो आधी डिस्कवर उतरवून घेतं. मग पुढं पाठवतं. पुढच्याकडून ‘मिळालं’ असं उत्तर येत नाही तोवर खोडत नाही. टॅली एन्ट्री झाल्यावर किती व्हाउचर तयार झाली त्याचा आकडा परत देते. तो आकडा हाती आला की मगच तो निरोप रांगेतून निघतो.

याचा फायदा लाईट गेल्यावर कळतो. टॅलीचा कॉम्प्युटर बंद असो, नेट गेलेलं असो की पोर्टल झोपलेलं असो, काटा अडत नाही. गाडी वजन करून पुढं सरकते, निरोप रांगेत थांबतात, आणि पलीकडचा जागा झाला की आलेल्या क्रमानं आत जातात.

रांगेसाठी आम्ही रॅबिटएमक्यू वापरतो. नावावर जाऊ नका. २००७ साली आलेलं हे सॉफ्टवेअर अर्लांग भाषेत लिहिलेलं आहे, आणि ती भाषा एरिक्सन कंपनीनं टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली होती. लायसन्सला पैसे लागत नाहीत. मोठ्या बँकांमध्ये याच कामाला आयबीएमचं एमक्यू आहे, १९९३ पासून. ते उत्तम आहे, पण साठ गाड्यांच्या फौंड्रीला ते सुचवणं म्हणजे घरच्या विहिरीवर धरणाचा पंप बसवणं.

आमची एक चूक

सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाकडं पावसाळ्यात वीज कडाडली आणि काट्याच्या केबिनमधला नेटवर्क स्विच पाच सेकंद बंद पडला. ऑपरेटरनं नुकतंच ‘पाठवा’ दाबलेलं. स्क्रीन अडकली. त्यानं वाट पाहिली, मग पुन्हा दाबलं. कुणीही दाबलंच असतं. खरं तर पहिला निरोप पोचला होता, चलन तयारही झालं होतं. वाटेत हरवली होती ती पोचपावती. एका गाडीची दोन चलनं झाली. स्टॉक ९,२४० किलोनं कमी दिसू लागला आणि दहा दिवसांनी समोरच्या पार्टीच्या परचेसवाल्यानं फोन करून विचारलं, “दुसरी गाडी कुठाय?”

आम्ही आधी नेटवर्ककडं बोट दाखवलं. ते चुकीचं होतं. नेटवर्क पडणारच, ते पडेल हे धरून प्रोग्रॅम लिहायचं काम आमचं होतं. आता प्रत्येक वजनाला काट्यावरच एक नंबर मिळतो, आणि तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर डेटाबेस तो घेतच नाही, आधीचंच चलन दाखवतो. बटण दहा वेळा दाबा, चलन एकच.

सरकारी पोर्टल याबाबतीत आमच्या आधी शहाणं झालं होतं. ई-इनव्हॉइसचा ६४ अक्षरी आयआरएन (पोर्टलवरचा बिलाचा ओळख नंबर) हा विक्रेत्याचा जीएसटी नंबर, बिलाचा प्रकार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष यांवरून काढलेला असतो. तेच बिल पुन्हा पाठवलं तर तोच आयआरएन निघतो आणि पोर्टल ‘डुप्लिकेट’ म्हणून परत पाठवतं, कोड २१५०. हा कोड बघून अकाउंटवाले घाबरतात. घाबरायचं कारण नाही; बिल आधीच गेलंय एवढाच त्याचा अर्थ. आमचं मिडलवेअर त्यालाच पोचपावती समजतं आणि जुना आयआरएन मागवून बिलावर छापतं.

एक लक्षात असू द्या. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे आणि १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी आणि त्यावरच्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर जावं लागतं. म्हणून रांगेत एक दिवसापेक्षा जास्त अडकलेलं बिल तुमच्या स्क्रीनवर लाल होतं. लाल ओळ दिसली की फोन करा. महिनाअखेरीची वाट पाहू नका.

डेटाबेस म्हणजे कच्ची वही आणि खतावणी

डेटाबेसला आम्ही पोस्टग्रेस्क्यूएल वापरतो. त्याचं मूळ १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पात आहे, आताचं नाव १९९६ चं. दरवर्षी नवी मुख्य आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) ‘आवृत्ती बदल’ असतो तो यासाठी. याचंही लायसन्स फुकट आहे. आमच्या बिलात जे दिसतं ते माणसाच्या वेळेचं.

तो कसा चालतो हे पेढीवरच्या मुनिमाला सांगावंच लागत नाही. व्यवहार झाला की आधी कच्च्या वहीत टिपायचा, मग सवडीनं खतावणीत चढवायचा. पोस्टग्रेस्क्यूएल तेच करतं. प्रत्येक बदल आधी एका सलग नोंदवहीत लिहून डिस्कवर पक्का होतो, मगच ‘झालं’ असं उत्तर जातं. मूळ तक्त्यांत तो नंतर उतरतो. मधेच लाईट गेली तर सर्व्हर चालू झाल्यावर कच्ची वही शेवटच्या पक्क्या खुणेपासून पुढं वाचतो, पूर्ण व्यवहार खतावणीत चढवतो आणि अर्धवट सोडून देतो. स्टॉक कमी झाला पण चलन झालंच नाही, असं मधलं काही शिल्लक राहत नाही. झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. या विषयाचा पाया घालणाऱ्या जिम ग्रे यांना संगणकशास्त्रातलं १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

यूपीएस मात्र हवाच. वहीचं काम डिस्कच्या शब्दावर चालतं, आणि स्वस्त डिस्क कधीकधी लिहिण्याआधीच ‘लिहिलं’ म्हणून मोकळ्या होतात.

डेटाबेसचं दुसरं मोल कळतं ते तक्रार आल्यावर. समोरची पार्टी कळवते की अमुक हीट नंबरच्या (भट्टीच्या एका वितळणीच्या) कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं, निघाले. आता प्रश्न असा की त्या हीटचा माल आणखी कुणाकुणाला गेला? रजिस्टरं काढून बसलात तर दोन माणसं आणि एक दिवस. हीट, चलन आणि पार्टी वेगवेगळ्या तक्त्यांत नीट जोडलेल्या असतील तर एक ओळीचा प्रश्न आणि दोन सेकंद. काय हवं ते सांगा, कुठून कसं शोधायचं ते मशीन बघेल, ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली आणि आजही बहुतेक डेटाबेस त्यावरच चालतात.

अजून फॉक्सप्रोवर (जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमवर) असलेल्यांसाठी : मायक्रोसॉफ्टनं त्याच्या शेवटच्या आवृत्तीचा आधार जानेवारी २०१५ मध्ये थांबवला, आणि एक तक्ता २ जीबीपलीकडं वाढत नाही. चाललंय तोवर चालू दे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही, फक्त कॉपी रोज घ्या. मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची फुकट एक्स्प्रेस आवृत्ती २०१६, २०१९ किंवा २०२२ ची असेल तर एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती भरते तेव्हा एन्ट्री घ्यायची थांबते, आणि का कोण जाणे, ती भरते मार्चमध्येच.

टोकन

पोस्टग्रेस्क्यूएल मूळ सेटिंगवर एका वेळी १०० जोडण्या घेतं आणि प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतं. तीस कॉम्प्युटर, प्रत्येकावर चार खिडक्या उघड्या, की झाले १२०. मग कुणाला तरी ‘कनेक्शन नाही’ दिसतं. जोडण्यांची संख्या वाढवली की सर्व्हर मंदावतो. म्हणून मिडलवेअर पंधरा-वीस जोडण्या कायम उघड्या ठेवतं आणि बँकेतल्या टोकनसारखी ज्याची पाळी त्याला देतं. एका प्रश्नाला काही मिलिसेकंद लागतात, त्यामुळं वाट पाहावी लागतेय हे कुणाला कळतही नाही.

आम्ही काय करत नाही

पुण्याच्या ऑफिसातून डेटा दिसावा म्हणून राउटरवर डेटाबेसचं पोर्ट (आत यायचं दार) थेट उघडून द्या, असं सांगितलं जातं. देत नाही. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाचा किडा (आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्रॅम) असेच उघडे एसक्यूएल सर्व्हर शोधत काही मिनिटांत जगभर पसरला. त्यावरची दुरुस्ती सहा महिने आधीच येऊन पडली होती, लोकांनी टाकली नव्हती. बाहेरून यायचं तर व्हीपीएनमधून, म्हणजे कुलूपबंद खासगी वाटेनं.

दुसरा फोन मार्चअखेरीस येतो. “तेवढी तारीख मागून बदला की हो.” तक्त्यात हात घालून आम्ही काहीच बदलत नाही. कंपनी म्हणून नोंद असलेल्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवावीच लागते आणि ती बंद करता येता कामा नये. हिशेबाच्या वह्यांचा बॅकअपही रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा. भागीदारी किंवा मालकी पेढीला हा नियम लागू नाही, पण आमची पद्धत सगळ्यांना एकच. दुरुस्ती हवी असेल तर उलट एन्ट्री टाका, सीएंनाही तीच आवडते.

एकच दुकान, तीन कॉम्प्युटर, सगळं टॅलीतच, असं असेल तर तिसरी ओळ खोडून कोटेशन परत पाठवा. तुम्हाला टॅलीची मल्टीयूझर आवृत्ती आणि रोजचा बॅकअप पुरेसा आहे. दुसरं सॉफ्टवेअर आलं आणि एकच आकडा दोनदा टाइप व्हायला लागला की मग बोलू.

बॅकअप आणि खंडेनवमी

रात्री दीडला बॅकअप आपोआप होतो, एक प्रत तुमच्याकडं आणि एक बाहेर. तीन महिन्यांतून एकदा आमचा माणूस येऊन तो बॅकअप वेगळ्या मशीनवर उघडून दाखवेल आणि तुमच्याच आवडीचं एखादं जुनं चलन त्यातून काढून देईल. त्या दिवशी मालकांनी किंवा अकाउंटंटनी अर्धा तास समोर बसावं, रिपोर्टवर सही करण्यापुरतं नको.

खंडेनवमीला बाकी मशिनांबरोबर सर्व्हरही बंद ठेवून पुजला जातो. जरूर पुजा. फक्त आधी मिडलवेअरच्या स्क्रीनवर रांग ‘०’ झाली का बघा, सर्व्हर मेनूतून बंद करा आणि दिवा विझल्यावरच मेन स्विचला हात लावा. हळद-कुंकू पत्र्याच्या कडेला. झेंडूच्या पाकळ्या पंख्याच्या जाळीपासून लांब ठेवा. मागच्या दसऱ्यानंतर दोन ठिकाणी आम्ही त्या चिमट्यानं काढल्यात.