मशीद बंदरचं स्मारक आणि ‘माजी सैनिक’ नसलेली माणसं

मशीद स्टेशनला पूर्वेकडे उतरून गोदीच्या रोखाने गेलं, की हातगाड्या आणि मालाच्या ट्रकांच्या गर्दीत भारतीय खलाशांचं जुनं वसतिगृह लागतं. दोन्ही महायुद्धांत समुद्रातच जीव गेलेल्यांचं स्मारक याच वास्तूत आहे. पहिल्या महायुद्धातले २,०००हून जास्त खलाशी. दुसऱ्यातले रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास ६,०००. कुणी या जागेला सरळ ‘माजी सैनिकांचं स्मारक’ म्हणून टाकलं, की खरी पंचाईत सुरू होते. या आकड्यांतले बहुतेक जण सैनिक नव्हतेच. निदान कागदावर तरी नव्हते.

सगळा घोळ एका शब्दाचा आहे. जहाज कंपन्यांच्या आणि सरकारच्या दप्तरात हिंदी खलाशाला ‘लॅस्कर’ म्हणत. मूळ शब्द फारसी ‘लश्कर’, म्हणजे फौज. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचा अर्थ देशी शिपाई असा होता. इंग्रजांकडे येईपर्यंत तो बोटीवरच्या आशियाई खलाशाला चिकटला. मराठीत लष्कर लष्करच राहिलं. म्हणजे ज्याच्या हुद्द्यातच फौज होती, तोच फौजेच्या हिशेबाबाहेर राहिला. ‘सेलर’ हा मानही त्याला सहज मिळाला नाही. रीगल सिनेमासमोर आज महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे, ती इमारत १८७६ मध्ये पुरी झाली ती ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ म्हणून. ते होतं गोऱ्या खलाशांसाठी, आणि ‘युरोपियन’ असं वेगळं लिहायची गरज कुणाला भासली नाही. मशीद बंदरच्या घराला मात्र नावात ‘इंडियन’ लावावं लागलं.

तोवर आपल्या माणसाने उतरायचं कुठे? गोव्याच्या खलाशांनी धोबीतलाव भागात गावागावांचे कूड, म्हणजे एकत्र राहायच्या जागा, काढल्या. त्यांनाच क्लब म्हणत. रत्नागिरीकडचे लोक गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकत. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर कामाचीही वाटणी ठरलेली असे. डेकवर बरेचसे कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरचे, इंजिनखान्यात पंजाबी आणि पठाण आगवाले, जेवणघरात गोवेकर. काम मिळायचं सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या हातून, त्याला दस्तुरी चारून. सुटल्याचा दाखला पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवायचा, म्हणून त्या कागदालाच ‘नळी’ म्हणत. माझ्या आजोळी अशी एक नळी आहे, एका टोकाला गंजलेली. झाकण घट्ट बसलंय आणि जोर लावून उघडायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. त्या घरात ‘मामा लढाईत होता’ असं कधी कुणी म्हणालं नाही. ‘बोटीवर होता’, एवढंच.

१९३९ मध्ये लढाई पेटली तेव्हा हिंदी खलाशाचा पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा होता. त्याच वर्षी ब्रिटनच्या बंदरांत त्यांनी संप केले. काहींना तुरुंग दाखवला गेला, पण पगार वाढवावे लागले. टॉर्पेडोने मात्र कधी कातडीचा रंग पाहिला नाही. २३ नोव्हेंबर १९४२ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ जपानी पाणबुडीने बुडवली आणि २८० माणसं गेली. तिच्या पोटातल्या चांदीच्या २,३६४ लाद्या २०१७ मध्ये वर काढल्या, त्यावरून लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला चालला. गेलेल्या माणसांसाठी मुंबईत कार्यक्रम झाला तो २०२२ मध्ये, ऐंशी वर्षांनी. चांदीचा पाठपुरावा करणारे वकील असतात.

स्वातंत्र्यानंतरही व्याख्या बदलली नाही. केंद्र सरकारच्या लेखी माजी सैनिक म्हणजे भूदल, नौदल किंवा हवाईदलात नोकरी केलेला. तिथे आचारी किंवा न्हावी असला तरी तो बसतो, कारण बिनलढाऊ हुद्देही त्यात धरलेत. ताफ्यातल्या बोटीचा भट्टीवाला बसत नाही, कारण तो कंपनीचा नोकर. त्याच्यासाठी १९५८ मध्ये वेगळा मर्चंट शिपिंग कायदा आला. या निर्णयाची बाजूही समजून घ्यायला हवी: पेन्शन आणि कँटीन द्यायचं तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि खलाशी करारावर जात होता, कुठल्या पलटणीच्या हजेरीपटावर नव्हे. तरी ब्रिटिश सरकारने याच व्यापारी खलाशांना युद्धाची पदकं देऊ केली होती, हे विसरून कसं चालेल? १९६४पासून ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. तो १९१९ मध्ये मुंबईहून लंडनला निघालेल्या ‘लॉयल्टी’ या भारतीय कंपनीच्या जहाजाचा दिवस आहे, बुडालेल्यांचा नाही. १४ एप्रिल १९४४च्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांची आठवण मुंबई दरवर्षी काढते, आणि ते योग्यच आहे. बोटीवरच्यांच्या वाट्याला तसा एखादा दिवस आलेला नाही.

कोलकात्यात हुगळीकाठी लॅस्करांच्या नावाने चांगला उंच स्तंभ उभा आहे, तोही १९२४पासून. मुंबईच्या खलाशांचं स्मारक मात्र त्यांच्या उतरायच्या जागेतच राहिलं. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची नावं इथे एका ग्रंथात लिहिलेली आहेत. त्या ग्रंथाची तंतोतंत दुसरी प्रत चितगावला आहे. कोकणातला सारंग आणि सिल्हेटचा आगवाला दोन्हीकडे एकाच यादीत आहेत, फक्त मधल्या काळात देश तीन झाले.